मदत हवी आहे : मायक्रोअॅरेची स्लाइड सगळी हिरवीच दिसतेय

नमस्कार मंडळी. मी मुंबईत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट क्षयाच्या जिवाणूवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी एच३७आरए वाणावर. आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध दिल्यावर त्याची कोणती जनुकं जागी होतात, ते मायक्रोअॅरेवर (जनुकांचे ठिपके असलेली काचेची स्लाइड) बघतेय. औषध दिलेल्या नमुन्याला सीवाय५ हा चमकणारा रंग (लाल), न दिलेल्याला सीवाय३ (हिरवा). पेशीभित्तिकेतलं मायकोलिक आम्ल घडवणारं कासए जनुक ठळक लाल यायला हवं. माझ्याकडे ते जेमतेम पिवळं (म्हणजे दोन्ही रंग सारखेच), आणि बाकीची स्लाइड कडेपासून मध्यापर्यंत हिरवीगार.

आरएनए चांगला होता, जेलवर दोन्ही पट्टे स्वच्छ दिसले. जिवाणूंच्या एमआरएनएला लांब पॉली-ए शेपटी नसते म्हणून आरएनएची डीएनए प्रत बनवताना रँडम हेक्सामर (सहा अक्षरांचे कुठेही चिकटणारे तुकडे) वापरले. आमच्याकडे स्कॅनर नाही. धुऊन वाळवलेल्या स्लाइड डब्यात घालून लोकलने परळला न्याव्या लागतात, स्कॅन होईपर्यंत तीन-चार तास जातात. हवेतला ओझोन सीवाय५ला खातो असं वाचलंय. दुपारच्या प्रवासात तेच होत असेल का?

डाय-स्वॅप (दोन नमुन्यांचे रंग अदलाबदल करून तोच प्रयोग) करणारच आहे, पण स्लाइड दोनच उरल्यात, वाया घालवायची हिंमत नाही. स्लाइड नेताना तुम्ही काय काळजी घेता? सीवाय५ऐवजी सरळ अॅलेक्सा ६४७ या दुसऱ्या लाल रंगाकडे वळावं का? की सामान्यीकरणाने (दोन रंगांतला फरक आकडेमोडीने सारखा करून) हा डेटा वाचेल?

आमच्या चाळीतली एक काकू दुसऱ्यांदा क्षयाची औषधं घेतेय. हे काम मला नीटच करायचंय. अनुभवी ताई-दादांनी कृपया सांगा.