फिरस्तीच्या कॅमेऱ्याला एकच झूम: खिशात मावणारा की जास्त उजेड घेणारा?

फेरीधक्का:
माझ्या मावसभावाने सोनी ए६४०० घेतला, नुसती बॉडी, म्हणजे लेन्सशिवाय. आता एकच झूम घ्यायचा आहे, कारण दुसरी लेन्स बाळगायची नाही हे त्याने आधीच ठरवलंय. त्याचं फिरणं म्हणजे रविवारी स्कूटरवरून दिवाडी, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पावसात सत्तरीकडे एखादी चक्कर आणि वर्षातून एकदा गोव्याबाहेर. ओळखीच्या एकाने त्याला टॅमरॉनचा १७-७० एफ २.८ सुचवला (१७ ते ७० मिलिमीटर: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं जवळचं; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). मी म्हणालो, नको. फिरायच्या कॅमेऱ्याला सोनीचा मिटणारा १६-५० हाच योग्य झूम आहे असं माझं ठाम मत आहे.

वजनं बघा. बॉडी बॅटरीसकट ४०३ ग्रॅम. सोनीचा १६-५० अवघा ११६. सिग्माचा १८-५० एफ २.८ आहे २९०, सोनीचा १८-१३५ आहे ३२५, टॅमरॉन ५२५. म्हणजे टॅमरॉनमध्ये लेन्सच बॉडीपेक्षा जड. गळ्यात अडकवला की कॅमेरा नाक खाली करून लटकतो आणि चालताना पोटावर आपटत राहतो. १६-५० बंद केला की जेमतेम ३ सेंटीमीटर जाडीचा उरतो.

मागच्या रविवारचीच गोष्ट. रायबंदरहून फेरीने दिवाडीला चाललो होतो, बारीक पाऊस. बोट धक्क्याला लागायच्या आधीच सगळ्यांनी गाड्या सुरू केलेल्या. रॅम्प खाली आपटला आणि त्याच्या लोखंडावरून पाण्याची एक पातळ चादर सरकली, तिच्यात समोरचे सगळे दिवे लाल-पिवळे पसरले. जेमतेम दोन सेकंदांचा खेळ. रेनकोटच्या खिशातून कॅमेरा काढला, फोटो मिळाला. बॅगेची चेन उघडत बसलो असतो तर मिळाला नसता. जी लेन्स घरी राहते तिचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, कितीही मोठं असलं तरी उपयोग काय?

दहीकाला:
तुमचा रॅम्पचा फोटो दिवसाचा. माझे फोटो रात्री दोनचे असतात. पेडण्यात जत्रांना दशावतारी काला, म्हणजे रात्रभर चालणारं नाटक, बघत मोठा झालो, आता दर हंगामात कॅमेरा घेऊन जातो. तिथला हिशोब मांडतो, मग सांगा.

नट थांबत नाही. युद्धाचा प्रसंग असला की गिरकीवर गिरकी. शटर १/१०० सेकंदाहून मंद केलं की चेहरा पुसला जातो. आणि तिथले ट्यूब, एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे १/१०० हून फार वेगवान केलं तर फोटोत काळे पट्टे येऊ लागतात. म्हणजे शटर जवळजवळ ठरलेलंच. उरतात अॅपर्चर आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटो खरबरीत होतो. तुमचा १६-५० पन्नासला एफ ५.६ वर येतो, माझा सिग्मा १८-५० तिथेही २.८. चौपट उजेड. तुम्हाला आयएसओ ६४०० लागेल तिथे मला १६००. रंगपंचमीसारख्या रंगवलेल्या चेहऱ्यावर हा फरक लगेच दिसतो: ६४०० ला गालावरच्या लाल रंगाचा पोत जातो, नुसता डाग उरतो.

शिवाय तुमचा झूम मोटरवर चालतो. बंद करून परत सुरू केला की पुन्हा १६ वर. ५० वर कुठे होतो ते शोधेपर्यंत प्रवेश संपतो. सिग्माची रिंग हाताने फिरते, बोटांना जागा पाठ होते. २९० ग्रॅम काही ओझं नाही हो, एक नारळ त्याहून जड असतो.

फेरीधक्का:
दहीकालाबाब, पन्नासचा हिशोब मान्य. पण रुंद टोकाचाही मांडा ना. १६-५० तिथे एफ ३.५ आहे. २.८ आणि ३.५ मध्ये फरक दीडपट उजेडाचा, चौपट नव्हे. आणि फिरताना बहुतेक फोटो रुंद टोकालाच निघतात.

दुसरं, ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय, नाही आणि सिग्मातही नाही. १६-५० मध्ये ती आहे, सोनी तिला ओएसएस म्हणते. तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळात जाऊन बघा. बेसाल्टचे काळे खांब, वर छताला कोरलेलं कमळ, आणि उजेड फक्त पूर्वेच्या दारातून येतो तेवढाच. संरक्षित स्मारकात तिपाई लावायची तर परवानगी लागते. ओएसएसच्या भरवशावर मी १/८ सेकंदाला, एफ ३.५, आयएसओ ८०० ला ते छत घेतलं, कमळाच्या पाकळ्यांच्या कडा स्वच्छ. सिग्मा हातात धरून १/३० च्या खाली जाणं जोखमीचं, म्हणजे २.८ असूनही आयएसओ २००० च्या आसपास जाणार. दगड कुठे गिरकी घेतो?

अंधार दोन तऱ्हेचा असतो. हलणाऱ्या माणसाच्या अंधारात तुम्ही बरोबर, स्थिर अंधारात मी.

आणि १६ विरुद्ध १८ हेही किरकोळ समजू नका. फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या, भाषेत २४ विरुद्ध २७. पणजीत फोंतेन्हासच्या गल्लीत समोरच्या घराचं बाल्कांव (पुढची ओसरी) आणि वरची कौलं दोन्ही घ्यायची असतील तर मागे सरकायला जागाच नसते, पाठ भिंतीला लागलेली असते.

साखळी:
मग ज्यात दोन्ही आहे तोच घ्या ना. टॅमरॉनमध्ये एफ २.८ ही आहे आणि व्हीसी, म्हणजे त्यांचं स्टॅबिलायझेशनही. १७ ते ७०. वर ओलाव्यापासून बचावाची बांधणी. ५२५ ग्रॅम म्हणून एवढं घाबरायचं कारण मला कळत नाही. मी स्कूटरच्या डिकीत फडक्यात गुंडाळून नेतो.

खाजनकाठ:
तुम्ही सगळे ५०-७० च्या अलीकडेच भांडताय. गोव्यातला निम्मा देखावा पाण्यापलीकडे आहे, तो कोण घेणार?

कुंभारजुव्याचा सांगोड घ्या. चतुर्थीच्या सातव्या दिवशी दोन होड्या एकत्र बांधून त्यावर गणपती, आणि पुढेमागे सजवलेल्या होड्यांची रांग. आपण काठावर. "पायांनी झूम करा" असं लोक सांगतात, इथे पाय उचलला की खाडीत. ५० वर गणपती नखाएवढा दिसतो. १३५ वर, म्हणजे फुल फ्रेमच्या दोनशेवर, मूर्तीचा चेहरा आणि होडी वल्हवणाऱ्याच्या मानेवरचा घाम एका चौकटीत येतो. सोनीचा १८-१३५ दिवसाच्या उजेडात अख्ख्या रेंजमध्ये बऱ्यापैकी स्वच्छ आहे, ओएसएस आहे, आणि ३२५ ग्रॅम म्हणजे सिग्मापेक्षा फक्त ३५ जास्त. एकच लेन्स हवी म्हणता, तर एक लेन्स ह्याला म्हणतात.

दहीकाला:
१३५ ला ती पण एफ ५.६. रात्री काय करणार?

खाजनकाठ:
रात्री तुमच्या शेजारी बसून नाटक बघणार, फोटो तुम्ही काढा. खरंच सांगतो, वर्षात रात्री किती आणि दिवस किती ते मोजा. पक्ष्यांसाठी मात्र कुणी १८-१३५ घेऊ नका. चोडणला सलीम अली अभयारण्यात खारफुटीतला खंड्या १३५ ला ठिपकाच राहतो. त्यासाठी ७०-३५० वेगळा लागतो, ६२५ ग्रॅमचा. तो विषय प्रवासाच्या लेन्सचा नाही.

कुळागर:
फेरीधक्का, तुमचं बाकी सगळं ठीक, पण रेनकोटच्या खिशात कॅमेरा? कळकळीने सांगतो, असं करू नका. आतल्या बाजूला अंगाचा घाम आणि ऊब, बाहेर पाऊस. बुरशीला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

माझा एक जुना झूम असाच गेला. आषाढ-श्रावणात वापरला, मग कपाटात ठेवला. दिवाळीत काढून मागून टॉर्च मारला तर पुढच्या काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू, कडेपासून मध्याकडे सरकलेले. दुरुस्तीवाल्याने खोलून साफ केलं, पण कोटिंगवर तंतूंचे ठसे तसेच राहिले. उन्हाकडे धरला की सगळा फोटो दुधाळ.

नळी बाहेर येणारा कुठलाही झूम फिरवताना हवा आत-बाहेर ओढतो, आणि आपल्याकडे ती हवा पाण्याने भरलेली. १६-५०, १८-५०, १८-१३५, १७-७०, चौघेही बाहेर येतात. म्हणून मी सोनीचा १८-१०५ एफ ४ वापरतो. त्याची लांबी बदलत नाही, झूम आतल्या आत होतो. ४२७ ग्रॅम आहे, लांबही आहे, पण अॅपर्चर सगळीकडे एफ ४ आणि ओएसएसही आहे.

लेन्स कुठलीही घ्या, घरी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० च्या मध्ये हवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करा, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. आणि एसी गाडीतून उतरलात की कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. काचेवर वाफ धरते, पुसली की परत येते. बॅगेतच १५-२० मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या.

फेरीधक्का:
खिशाबद्दल तुमचं ऐकतो. आजपासून झिपवाली पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, आणि ती पिशवी खिशात. लेन्सबद्दलचं मत मात्र तेच.

मिरामार:
सोनीपुरतंच का? कॅमेराही नवीन घेणाऱ्याने पॅनासॉनिकचा १२-३२ बघावा, ७० ग्रॅमचा. ऑलिंपसचा (आता ओएम सिस्टिम) १२-४५ एफ ४ आहे २५४ ग्रॅम, आणि त्यांच्या बहुतेक बॉडींत स्टॅबिलायझेशन असतं. निकॉनचा झेड १६-५० व्हीआर या त्यांच्या स्टॅबिलायझेशनसकट १३५ ग्रॅम.

दहीकाला:
मिरामार म्हणतात ते महत्त्वाचं आहे. बॉडीत स्टॅबिलायझेशन असतं, समजा ए६७०० असता, तर फेरीधक्कांचा तांबडी सुर्लाचा मुद्दा बराचसा गळून पडला असता आणि सिग्माला तोड राहिली नसती. ए६४०० वर त्यांचा मुद्दा खरा आहे, तेवढं मी मान्य करतो. पण बाजारातही सिग्मा सरस आहे. रुंद टोकाला १२ सेंटीमीटरवर फोकस होतो, १६-५० ला २५ लागतात. म्हापशात अबोलीचे वळेसर (गजरे) विकणारी बाई दोरा ओवते, तिचं बोट, दोरा आणि एकच फूल एवढंच मला हवं असतं.

आणखी एक विचारतो. तुमचा मावसभाऊ स्वतः काय म्हणतो? इतका वेळ तुम्हीच बोलताय.

रविवारची स्कूटर:
मीच तो मावसभाऊ. सगळं वाचलं, मनापासून आभार.

गेल्या वर्षी मित्राचा १८-१३५ आठवडाभर वापरला होता. काल ते सगळे फोटो काढून बघितले, प्रत्येकाची फोकल लेंग्थ, म्हणजे झूम कितीवर होता तो आकडा, तपासली. अर्ध्याहून जास्त १८ ते २४ मधले. १०० च्या पुढचे मोजके, आणि त्यातलेही बरेच नुसते "बघू किती जवळ येतं" म्हणून काढलेले. म्हणून खाजनकाठ, १८-१३५ मी सोडतो. टॅमरॉन हातात घेऊन पाहिला, मला जड झाला. साखळी म्हणतात तशी डिकी आहे, पण आपले रस्ते बघता डिकीतले धक्के त्याला रोज द्यायला मन घेत नाही.

उरले दोन. दादाला एक गोष्ट माहीत नाही. आईचं माहेर पेडण्याकडे, आणि जत्रेच्या काल्याला मी तिला दरवर्षी घेऊन जातो. ती पहाटेपर्यंत जागी असते. तिचा तिथला एक तरी चांगला फोटो मला हवा आहे, रंगमंचाचा उजेड तोंडावर पडलेला, ती पुढे वाकून बघते आहे असा. तो फोटो मी फोनवर बऱ्याचदा काढून पाहिला, जमला नाही.

फेरीधक्का:
हे मला बोलला नव्हतास. पण मावशी बसलेली असते, नाचत नाही. १/३० ला ओएसएस पुरेल.

दहीकाला:
पुरणार नाही. नाटक बघणारा माणूस स्थिर बसत नाही. हसतो, बोट दाखवतो, शेजारणीशी बोलतो.

रविवारची स्कूटर:
दादा, तुझा १६-५० मी घेऊन येतो. दहीकाला, येत्या हंगामात एका रात्रीपुरता तुमचा सिग्मा द्याल का? एकाच जागेवरून दोन्ही लावून बघतो, मग घेतो.

दहीकाला:
जरूर या. गणपतीचा प्रवेश व्हायच्या आधी पोचा, म्हणजे आईंना पुढची चटई मिळेल. उजेड डावीकडून येतो, तुम्ही तिच्या उजव्या हाताला बसा.