वावरात सापडलेला मणी आणि नाणे

दादा, वखरणीत वर आलेला तांबडा मणी आणि हत्ती कोरलेले काळपट नाणे यांची छायाचित्रे आपण दाखवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र नाणे चिंचेच्या कोळाने घासण्याचा जो सल्ला आपल्याला इथे कुणीतरी दिला आहे, तो कृपा करून मानू नका. मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे 1939 साली सापडलेल्या सातवाहनांच्या मोठ्या निधीत एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (चार टोकांना वर्तुळे असलेली फुली) असलेली पोटीनची, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची, नाणी होती, आणि त्यांवरील ब्राह्मी अक्षरांमुळेच राजांची नावे वाचता आली. आंबट पदार्थाने नाण्याचा पृष्ठभाग झिजला, की ती उथळ अक्षरे सर्वांत आधी जातात.

मणी मला अधिक मोलाचा वाटतो. तो उजेडासमोर धरून छिद्र नीट पाहा. दोन्ही टोकांकडून भोक पाडले असेल, तर मध्यभागी जिथे ती भोके मिळतात तिथे बारीकशी पायरी दिसते. नागपूरजवळचे माहुरझरी हे अकीकासारख्या दगडांचे मणी घडवणारे प्राचीन केंद्र होते, त्यामुळे आपल्या भागात असा मणी मिळणे मुळीच अशक्य नाही.

जागा धुऱ्यापासून (बांधापासून) मोजून लिहून ठेवा आणि तिथे आणखी उकरू नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार 10 रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तो अर्ज लिहिण्यास मी आनंदाने मदत करीन.