शिंजुकूतल्या दोन संध्याकाळी, सोबत वडील: काबुकिचो आणि गोल्डन गाई कसे पाहावे?

पायवाट (प्रश्न)

नोव्हेंबरच्या मध्यात मी, पत्नी आणि माझे वडील (वय ७१) असे तिघे टोकियोला जात आहोत. मुक्काम शिंजुकू स्थानकाच्या पूर्वेला, चालत दहा मिनिटांवर आहे आणि या भागासाठी दोन संध्याकाळी मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत. वडील रोज चार किलोमीटर चालतात, पण गुडघ्यांमुळे जिने त्यांना जड जातात. देवळे आणि बागा आजवर पुष्कळ पाहिल्या, आता "तिथली माणसे दिवे लागल्यावर काय करतात ते दाखव", असे त्यांनी मला बजावले आहे.

माझी अडचण अशी की, शिंजुकूतल्या काबुकिचो या रात्रीच्या करमणुकीच्या वस्तीबद्दल जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो. कोणी म्हणते मध्यरात्रीही निर्धास्त फिरा, तर कोणी म्हणते तिकडे फिरकूच नका. वडिलांना घेऊन तिथे जाणे योग्य ठरेल का, गोल्डन गाईतल्या चिमुकल्या बारमध्ये परक्या माणसाने शिरावे कसे, आणि या सगळ्याची सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी सांगावे. वडील मांसाहार करतात, पत्नी पूर्ण शाकाहारी आहे.

चुओ_मार्गावरचा

मी सहा वर्षे रोज या स्थानकातून ये-जा केली आहे, त्यामुळे सुरुवात स्थानकापासूनच करतो. शिंजुकूतून दररोज सुमारे तीस लाख प्रवाशांची वर्दळ असते आणि बाहेर पडण्याची दारे दोनशेच्या वर आहेत. पाच वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांचे फलाट एकमेकांत गुंतलेले असल्याने चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर पंधरा मिनिटांची पायपीट ठरलेली. पूर्वी पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे तर फलाटांचे तिकीट काढावे लागे किंवा लांबचा वळसा घ्यावा लागे; २०२० च्या जुलैत तिकिटाविना आरपार जाता येणारा भुयारी रस्ता खुला झाला, तेव्हापासून हा त्रास संपला. तुमच्या वडिलांसाठी हा रस्ता लक्षात ठेवा.

शिंजुकू म्हणजे एक जागा, अशी समजूत करून घेऊ नका. पश्चिमेला उंच कचेऱ्या आहेत आणि रात्री तिथे बऱ्यापैकी शांतता असते. पूर्वेला इसेतानसारखी जुनी मोठी दुकाने, त्यांच्या उत्तरेला काबुकिचो, आणि त्याच्या पूर्व कडेला गोल्डन गाई. पहिल्या संध्याकाळी पश्चिमेकडून आरंभ करावा, असे मला वाटते. टोकियो महानगर शासनाच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, शहर पाहण्याचे दालन आहे. प्रवेश विनामूल्य आहे आणि लिफ्ट थेट वर नेते, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्नच नाही. नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा चारलाच वर पोहोचा. हवा स्वच्छ असेल तर फुजी पर्वताची काळी आकृती दिसते, आणि मग खाली एकेक वस्ती उजळत जाताना आपण रात्री कुठे चालणार आहोत ते वडिलांना वरूनच दाखवता येईल.

तिथून आरपार रस्त्याने पूर्वेला या आणि सात वाजण्याच्या सुमारास इसेतानच्या तळघरात उतरा. हा खाद्यपदार्थांचा बाजार आहे. दुकान आठला बंद होते, आणि अशा तळघरांत शेवटच्या तासाभरात कर्मचारी तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीच्या चिकट्या लावत फिरतात. चिकटी लागेपर्यंत अंगभर फर घातलेल्या प्रतिष्ठित बायका डब्याकडे पाठ करून उभ्या असतात आणि ती लागताच वळतात, हा सोहळा मी कित्येकदा पाहिला आहे. रात्री माणसे काय करतात या वडिलांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर त्यांना इथेच मिळेल.

काबुकिचोत जरूर जा, आठ ते दहा या वेळात जा, आणि मुख्य रस्त्यांनी जा. या वस्तीचे नाव न बांधलेल्या नाटकगृहावरून पडले आहे, हे वडिलांना सांगा. १९४५ च्या बॉम्बवर्षावात हा भाग बेचिराख झाल्यावर इथे काबुकी या पारंपरिक जपानी नाटकाचे नाट्यगृह उभारून करमणुकीची वसाहत करायची असे ठरले, १९४८ मध्ये नावही बदलले. नाट्यगृह काही झाले नाही, नाव मात्र राहिले. तरुण मुलांचे रंगवलेले चेहरे असलेले भलेमोठे फलक दिसतील, ते चित्रपटांचे नसून होस्ट क्लबांचे असतात. तिथे पैसे मोजून गप्पा मारायला बायका येतात, आणि गिऱ्हाइकांना कर्जात ढकलण्याचे प्रकार इतके वाढले की २०२५ मध्ये कायदा कडक करावा लागला.

दोन_बिअर

वरील माहितीत एक भर घालणे मला कर्तव्य वाटते, कारण माझे हे टोपणनाव त्याच रस्त्यावर पडले. काबुकिचोत चालताना कोणी अंगावर धावून येत नाही, पाकीटही कोणी मारत नाही. धोका असतो तो हसतमुख माणसाचा. मी आणि माझा सहकारी असे दोघे होतो. उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या एका तरुणाने "एका तासाला तीन हजार येन, त्यात सगळे आले" असे सांगितले आणि आम्ही त्याच्यामागून चौथ्या मजल्यावर गेलो. प्रत्येकी एक बिअर घेतली. बिल आले २८ हजारांचे, त्यात बसण्याचे, सेवेचे, बर्फाचे आणि न मागवलेल्या शेंगदाण्यांचे पैसे निराळे लावले होते. दारापाशी दोन माणसे नुसती उभी होती, एक शब्दही बोलत नव्हती. अर्धा तास वाद घालून शेवटी आम्ही पैसे भरले.

गंमत म्हणजे आम्ही त्या तरुणाशी बोलत होतो तेव्हा डोक्यावरच्या ध्वनिक्षेपकातून, रस्त्यात बोलावणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, अशी सूचना चालूच होती. ती इंग्रजीतही असते. आम्हाला ती ऐकू येत होती, पण हा मुलगा त्यातला नाही असे आम्हा दोघांनाही मनापासून वाटले.

तेव्हा नियम एकच: ज्या दारात तुम्ही स्वतःहून शिरलात तेच दार खरे. कोणी बोलावले की थांबू नका, उत्तर देऊ नका, नकारार्थी मानही हलवू नका, कारण तीही संभाषणाची सुरुवात धरली जाते. वडीलधाऱ्या माणसांना उत्तर न देणे असभ्य वाटते. त्यांना आधीच समजावून ठेवा.

ग्रंथकीटक

दुसऱ्या संध्याकाळचे जेवण कुठे करावे, एवढेच मी सांगतो. स्थानकाच्या पूर्व दरवाजापासून दोन-तीन मिनिटांवर नाकामुराया हे दुकान आहे. सोमा दांपत्याने १९०१ मध्ये ही पाव-बेकरी सुरू केली आणि काही वर्षांत ती शिंजुकूत आणली. दिल्लीत १९१२ साली व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्यावर बॉम्ब टाकला गेला, त्या कटातले रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला निसटले. ब्रिटिशांच्या दबावाखाली जपान सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला, तेव्हा याच दांपत्याने त्यांना दुकानाच्या मागच्या चित्रशाळेत लपवून ठेवले. पुढे १९१८ मध्ये सोमांची मुलगी तोशिको हिच्याशी त्यांचे लग्न झाले. ती १९२५ मध्ये, ऐन तारुण्यात वारली. जपानमध्ये तेव्हा इंग्रजांकडून आलेली, पीठ लावून दाट केलेली करी मिळे आणि बोसांना ती पसंत नव्हती. नाकामुरायाने १९२७ मध्ये बसून खाण्याची सोय सुरू केली, तेव्हा त्यांच्या सांगण्याप्रमाणे हाडासकट कोंबडीची भारतीय करी तिथे वाढली जाऊ लागली, आणि ती आजही मिळते.

भात वेगळा आणि रस्सा वेगळ्या भांड्यात येतो. चव आपल्या जिभेला सौम्य वाटेल, पण समोर बसलेले जपानी आजोबा रुमालाने कपाळ टिपत असतात. उपाहारगृह तळघरात असले तरी लिफ्ट आहे. तिथून काही पावलांवर किनोकुनिया हे ग्रंथदालन आहे, तेही १९२७ सालचेच; बाकीची मंडळी खरेदी करत असतील तेव्हा वडिलांना तिथे वेळ घालवता येईल.

पत्नीसाठी मात्र दक्षता घ्या. भाजीच्या साध्या पदार्थातही बहुधा दाशी असते, म्हणजे सुकवलेल्या माशाचे पाणी. इझाकायात, म्हणजे जपानी मद्य-खाणावळीत, "मांस नको" म्हटल्याने ती टळत नाही. शाकाहारी म्हणून पाटी असलेली जागा आधीच हेरून ठेवा.

पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोसांची हकिगत वडिलांना वाचून दाखवली, तेव्हापासून ते प्रवासाचे दिवस मोजू लागले आहेत. गोल्डन गाईबद्दल मात्र अजून मन द्विधा आहे. आम्ही तिघे, त्यात जिन्याची अडचण. जावे की नुसते बाहेरून पाहून परतावे?

दोन_बिअर

माझ्या मते बाहेरूनच पाहावे. पाच-सात खुर्च्यांच्या खोलीत तीन पाहुणे शिरले की नेहमीच्या गिऱ्हाइकांची जागाच जाते. शिवाय अनेक ठिकाणी आत सिगारेट ओढतात.

चुओ_मार्गावरचा

मी अर्धाच सहमत आहे. सहा बोळ आणि दोनशेहून अधिक बार, सगळे दुमजली लाकडी चाळींतले. वरच्या मजल्याचे जिने शिडीसारखे उभे आहेत, तेव्हा तो विचार सोडून द्या. पण तळमजल्यावरही पुष्कळ जागा आहेत. सातच्या सुमारास, नेहमीची मंडळी येण्याआधी, दार किंचित उघडून तीन बोटे दाखवा आणि मालकाच्या चेहऱ्याकडे पाहा. त्याने दोन्ही हातांची फुली केली तर नमस्कार करून दार लावा, त्यात अपमान काही नाही. बसण्याचे शुल्क बहुतेक ठिकाणी दारावर लिहिलेले असते, पाचशे ते दीड हजार येनच्या दरम्यान. त्याखेरीज छोट्या वाटीत न मागवलेले काही समोर येईल. ती ओतोशी, तिचे पैसे बिलात धरलेले असतात आणि तो फसवणुकीचा प्रकार नव्हे. रोख जवळ ठेवा, बक्षिशी देऊ नका, बोळांत चित्रीकरण करू नका, आणि एक पेय संपले की उठा. या चाळी पाडून मोठ्या इमारती बांधण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकात झाले, तेव्हा आग लावली जाईल या भीतीने इथल्या लोकांनी रात्री आळीपाळीने पहारा दिला होता. हे ठाऊक असलेला पाहुणा मालकाला आवडतो.

मध्यरात्री साडेबाराच्या आसपास शेवटच्या गाडीसाठी सगळी वस्ती एकदम स्थानकाकडे धावते. तुम्हाला पायीच जायचे आहे, तेव्हा त्या गर्दीच्या उलट दिशेने निवांत चाला.

तारखाही एकदा तपासा. गोल्डन गाईला अगदी लागून हानाझोनो देवस्थान आहे आणि नोव्हेंबरात कोंबड्याच्या दिवशी तिथे तोरी नो इची नावाची जत्रा भरते. जपानी पंचांगात हा दिवस दर बारा दिवसांनी येतो, त्यामुळे महिन्यात दोनदा आणि काही वर्षी तीनदा. व्यापारी लोक धंद्यात बरकत यावी म्हणून सजवलेले बांबूचे दाताळे विकत घेतात. सौदा पटला की विकणारा आणि घेणारा एका ठेक्यात टाळ्या वाजवतात, आजूबाजूचे दुकानदारही त्यात सामील होतात. कंदिलांच्या भिंतीखाली दर दोन मिनिटांनी कुठून तरी त्या टाळ्या ऐकू येत राहतात. देवळाच्या पूर्वेकडच्या बाजूने आत शिरलात तर पायऱ्या टळतात.