मदत हवी आहे: घामाच्या ग्रंथी आणि स्पर्श, काही संबंध आहे का?

मंडळी, इथे शरीरक्रियाशास्त्र शिकलेलं कोणी आहे का? एका गोष्टीत अडकलोय.

तळहात-तळपायांवर घामाच्या ग्रंथी सर्वांत दाट असतात, पाठीवर बऱ्याच विरळ. स्पर्शाचंही तसंच. बोटाच्या टोकावर दोन टोकं २-३ मिमी अंतरावर टेकवली तरी वेगळी कळतात. पाठीवर तेच अंतर ४ सेंमीच्या आसपास लागतं. (कंपासने करून बघा, डोळे मिटून. मजा येते.) शिवाय बोटांवरच्या बारीक रेघांच्या कंगोऱ्यांवरच घामाची छिद्रं उघडतात आणि त्यांच्याच खाली माइसनर, मर्केल हे स्पर्शग्राहक असतात. म्हणजे जोडी जुळली, असं वाटतं.

पण ओठ सगळं बिघडवतात! लालसर भागात घामग्रंथी नाहीत, तरी स्पर्श अतिशय तल्लख. कपाळाचं उलट: घाम भरपूर, स्पर्श बेताचा.

मग बोटांवर दोन्ही एकत्र येणं हा निव्वळ योगायोग का? की तिथल्या ओलाव्याने पकड सुधारते आणि स्पर्शालाही मदत होते? तळहाताला उकाड्यापेक्षा ताणामुळे जास्त घाम येतो, त्याचा यात काही हात आहे का? नीट समजावणारं मराठी पुस्तक माहीत असेल तर तेही सुचवा.