रूमिनेट : रवंथ, मनन की उगाळणं?

इंग्रजी 'रूमिनेट'ला 'खोल विचार करणे' हा प्रतिशब्द दिला की काम भागतं असं वाटतं, पण भागत नाही. लॅटिन 'रूमिनारे' म्हणजे रवंथ करणे आणि ते आलं 'रूमेन'वरून. गायीच्या पोटातल्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठ्या कप्प्याला प्राणिशास्त्रात आजही रूमेनच म्हणतात. चरताना भराभर गिळलेला चारा तिथे आंबतो, गाय निवांत बसली की घासाघासाने तोंडात परत येतो आणि बारीक चावला जातो. 'मनात घोळवणे' हा लाक्षणिक अर्थही लॅटिनमधलाच.

आपला 'रवंथ' संस्कृत 'रोमन्थ'वरून आला. पाणिनीने (अष्टाध्यायी ३.१.१५) त्यापासून 'रोमन्थायते' हे क्रियापद सिद्ध केलंय आणि त्यावरच्या वार्तिकात, म्हणजे सूत्राला जोडलेल्या पुरवणी-टिपेत, अट आहे : 'हनुचलने', म्हणजे जबडा हलत असेल तरच! मला ही अट फार आवडते. मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती मठांत बायबलचं वचन पुन्हा पुन्हा पुटपुटत मुरवण्याला 'रूमिनातिओ' म्हणत, आणि तिथेही ओठ-जबडा खरोखरच हलत असे. पारायणाला बसून ओव्या पुटपुटणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

अडचण होते ती मानसशास्त्रात. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी १९९१ साली नैराश्याबद्दल जी मांडणी केली, तिच्यात 'रूमिनेशन' म्हणजे आपलं दुःख, त्याची कारणं आणि परिणाम यांच्याभोवती मन सतत फिरत राहणं. अशा मजकुराच्या अनुवादात 'चिंतन' किंवा 'मनन' वाचलं की मला त्रास होतो. वेदान्तातल्या श्रवण-मनन-निदिध्यासन (ऐकणं, विचार करणं, ध्यास घेणं) या परंपरेतलं मनन माणसाला पुढे नेतं, शंका फेडतं. आणि रवंथ केलेला चारासुद्धा शेवटी पचतोच की! इथे तर काहीच पचत नाही.

यासाठी आपल्याकडे रोजच्या बोलण्यातला चोख शब्द आहे : उगाळणं. 'कालचं भांडण सकाळपासून उगाळत बसलीये', 'झालं गेलं किती उगाळशील?' यात पुनरावृत्ती आहे, निष्फळपणाही आहे. 'चर्वितचर्वण' जवळचा वाटतो, पण तो बहुतेकदा लेखनातल्या किंवा चर्चेतल्या शिळ्या मुद्द्यांसाठी वापरतात, एकट्याच्या मनातल्या घालमेलीसाठी नाही.

म्हणून मठातल्या साधूसाठी 'मनन' किंवा 'रवंथ' लिहावं, आणि नैराश्यावरच्या लेखात सरळ 'तेच ते विचार उगाळत राहणं' असं लिहावं. शब्द पाच झाले तरी हरकत नाही.