मदत हवी आहे: आईच्या खोलीसाठी रूम हीटर कोणता घेऊ?

पाषाणकरीण: शनिवारी घ्यायचाच आहे. ब्लोअर, रॉडवाला की ऑइलवाला? दुकानदार दरवेळी नवीनच सांगतो. कृपया एकच नेमकं सांगा.

गारठा: खोली केवढी? कितवा मजला? प्लग साधा की गीझरचा असतो तसा मोठा?

सिंहगड रोड: ब्लोअर घ्या. पाच मिनिटांत खोली उबदार.

पाषाणकरीण: १० बाय १२, वरचा मजला, खिडकी उत्तरेला. पहाटे लादीवर पाय ठेववत नाही. आईला दमा आहे, रात्रभर खोकते.

गारठा: अहो, हे आधी सांगायचं ना! दम्याला ब्लोअर नको, पंख्याने धूळ उडते. ऑइलचा रेडिएटर घ्या, त्यात आतलं तेल तापून ऊब देतं, पंखा लागत नाही.

सिंहगड रोड: तो तापायलाच अर्धा तास घेतो. आणि बिल? २००० वॅट म्हणजे तासाला २ युनिट.

गारठा: २००० वॅटचा ब्लोअरही तेवढंच खातो. उलट रेडिएटर बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देतो.

जुनं ते सोनं: विजेचे हीटर ऑक्सिजन खातात. त्यापेक्षा निखाऱ्यांची शेगडी ठेवा, आमच्या आजोळी तीच असायची.

वायरमन: शेगडी अजिबात नको! बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वासही नसतो. झोपेत माणसं दगावतात. विजेचा हीटर काही जाळतच नाही, ऑक्सिजन कसा खाईल? हवा तापली की कोरडी वाटते, एवढंच.

बाणेर: हॉट अँड कोल्ड एसी बसवा. तो बाहेरची उष्णता आत ओढतो, १ युनिट विजेत साधारण ३ युनिटांची ऊब.

पाषाणकरीण: भाड्याचं घर आहे, मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. प्लग साधाच आहे, टीव्हीचा.

सूर्यपुत्र: गच्चीवर सोलर बसवा, अंघोळीचं पाणी फुकट.

वायरमन: पाणी कुणी विचारलंय? ताई, साधा प्लग ६ अँपिअरचा. २००० वॅटला जवळपास ९ लागतात. कन्व्हर्टर पिन (मोठा प्लग साध्या सॉकेटात बसवणारी) किंवा एक्स्टेंशन बोर्डावर चालवलात तर प्लग वितळेल. आधी १६ अँपिअरचा पॉइंट करून घ्या, वायर थेट मेन बोर्डापासून जाड ओढायला सांगा.

पाषाणकरीण: मालकांशी आजच बोलते. पण आज रात्री काय करू?

गारठा: खिडकीच्या फटींत कापड कोंबा, पलंगाखाली सतरंजी अंथरा. अंगावर गोधडी, पायाशी गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून. आणि खोकला रात्रभर असेल तर हीटरआधी डॉक्टरांना दाखवा.

सिंहगड रोड: हे पटलं. तरी ब्लोअरचा विचार करा.