मांजराची शुगर ३१८: गोळीमुळे, भीतीमुळे की खरंच मधुमेह?

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्याला मानपाड्याजवळ राहतो. आमची चिंगी नऊ वर्षांची. दीड महिन्यापूर्वी तिने मान खाजवून खाजवून रक्त काढलं. अ‍ॅलर्जी निघाली, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सुरू झाली. खाज आठवड्यात बसली, पण बाईसाहेबांनी पाण्याच्या भांड्याशीच मुक्काम ठोकला. तिच्या शी-शूच्या ट्रेमधल्या मातीत लघवीचे लिंबाएवढे गोळे व्हायचे ते आता मोसंबीएवढे होतात (मांजरवाल्यांना कळेल, बाकीच्यांनी माफ करा).

शनिवारी डॉक्टरांकडे नेली. घोडबंदर रोडला पाऊण तास रिक्षात, बास्केटमधून अखंड गुरगुर, दवाखान्यात शेजारी एक लॅब्रॅडॉर. शुगर ३१८! डॉक्टर म्हणाले, इन्सुलिनची तयारी ठेवा.

तेव्हापासून वाचतेय. ही गोळी म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथींतल्या कॉर्टिसॉलची भाऊबंद. यकृताला साखर बनवायला लावते, वर इन्सुलिनची डाळ शिजू देत नाही. पण घाबरल्यावर त्याच ग्रंथींच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनलिन सुटतं आणि यकृतातला साठा रक्तात येतो. मांजरांत नुसत्या भीतीनेही आकडा ३००च्या वर जातो म्हणे. मग ३१८ मधले गोळीचे किती आणि लॅब्रॅडॉरचे किती?

घरी सासूबाईंच्या ग्लुकोमीटरवर कानाच्या कडेचा थेंब घेतला, २०४. सासूबाई म्हणाल्या, "माझी याहून जास्त असते, मला कुणी रिक्षाने नेत नाही."

ओळखायचं कसं? आणि गोळी आजच बंद करू का?

प्रतिसाद

ताई, गोळी एकदम बंद करू नका! बाहेरून आयतं मिळतंय म्हणून तिच्या ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. अचानक तोडलं तर उलट्या, गळून जाणं, साखर उलट फार खाली येणं असं काहीही होऊ शकतं. डॉक्टरांना सांगून डोस हळूहळू उतरवा.

भीतीने त्या वेळेपुरता आकडा चढतो, महिनाभर तहान लागत नाही. त्यामुळे सगळं लॅब्रॅडॉरवर ढकलू नका. फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी करून घ्या. त्यात मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी दिसते, रिक्षाने ती हलत नाही. तिने घरी केलेल्या लघवीतही साखर बघा. आणि माणसांचं मीटर मांजराची साखर बहुधा कमी दाखवतं, २०४ वर विसंबू नका.

आमच्या नेरूळच्या बोक्याला असंच झालं होतं. इन्सुलिन लागलं, पण स्टेरॉइड उतरल्यावर दोन महिन्यांत सुटलं. चिंगीने जेवण सोडलं किंवा उलट्या सुरू झाल्या, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

धागाकर्ती

खूप आभार. उद्याच फोन करते. लघवी कशी पकडायची पण? ट्रे रिकामा ठेवला तर ती सासूबाईंच्या गादीवर जाईल.